पेठेतील कचेरी आणि आपला समाज

(शिरूर कासार येथे भरलेल्या समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आई कालिकेच्या कृपेने सिंदफणेच्या काठच्या या गावी आपण सर्वजण पुन्हा एकवार एकत्र जमलो आहोत. चिटणीसांनी आम्हांस पत्र लिहून बोलण्यास सांगितले, तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा आम्ही बराच विचार केला. समाजाचा पूर्वेतिहास, कुलदैवतेचे माहात्म्य, शिक्षणाचे महत्त्व या विषयांवर आमच्याहून अधिकारी वक्ते येथे बोलून गेले आहेत व पुढेही बोलतील. आम्ही पडलो व्यवहारातील माणसे. म्हणून विषयही व्यवहारातलाच निवडला आहे. शहराच्या मध्यवस्तीत, भर पेठेत, जुन्या इमारतीची डागडुजी करून नव्याने सजविलेली कचेरीची जागा भाड्याने घ्यावी की न घ्यावी, घ्यावी तर कशी घ्यावी, आणि ज्यांच्या मालकीच्या अशा जागा आहेत त्यांनी त्या कशा द्याव्यात, एवढाच आजचा विषय आहे. विषय रुक्ष वाटेल. परंतु या विषयात आमच्या हातून एक चूक घडलेली आहे, आणि तिची झळ आपल्याच एका घराला लागलेली आहे. ती सांगितल्यावाचून आम्हांस स्वस्थता वाटणार नाही.

महाराष्ट्रात शिरूर नावाची गावे एकाहून अधिक आहेत. पुणे जिल्ह्यात घोडनदीचे शिरूर आहे, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आहे, आणि बीड जिल्ह्यातील आपले हे शिरूर कासार. गावाच्या नावातच आपल्या समाजाचे नाव असावे, हे भाग्य थोड्याच समाजांना लाभले आहे. या नावाचा अभिमान बाळगावाच. पण ते नाव कागदावर पूर्ण लिहावे, हेही तितकेच अगत्याचे आहे. असे आम्ही का म्हणतो, ते पुढे कळेल.

कासार हा शब्द 'कांस्यकार' या संस्कृत शब्दावरून आला. तांबे आणि कथील यांचे कासे होते, तांबे आणि जस्त यांचे पितळ होते, आणि या धातूंची भांडी व सुवासिनींच्या हातची बांगडी यांवर आपल्या वाडवडिलांनी संसार चालविले. त्यांचे दुकान कोठे असे? गावाबाहेर माळावर कधीच नसे. ते बाजाराच्या ऐन मध्यावर असे. बांगडी भरावयास येणारी माउली पायीच येणार, तीही चार जणींना बरोबर घेऊन येणार, ही गोष्ट त्यांनी ओळखली होती. पेढीची जागा हीच पेढीची अर्धी कमाई, हे आपल्या आज्या-पणज्यांना कोणत्याही पाठशाळेत न जाता कळले होते.

पुढे पोलादी भांडी आली, प्लॅस्टिक आले, आणि तांब्या-पितळेची भांडी स्वयंपाकघरातून निघून देवघरात व माळ्यावर गेली. आपली मुले शिकली. कोणी हिशेबनीस झाला, कोणी वकील, कोणी अभियंता, कोणी संगणकावर बसून दूरदेशीच्या गिऱ्हाइकांची कामे करू लागला. मुली तर मुलांच्याही पुढे गेल्या. ही मुले पुण्यास जातात, मुंबईस जातात, छत्रपती संभाजीनगरास जातात. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनीच, अहिल्यानगर ते बीड ही रेल्वे सुरू झाली. तेव्हा जाणे-येणे आता अधिकच वाढणार. ही मुले चार-दोन वर्षे चाकरी करतात आणि मग स्वतःचे काम काढावे असे त्यांच्या मनात येते. तेव्हा पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की कचेरी घ्यावी कोठे?

शहराबाहेर काचेच्या मोठमोठ्या इमारती उभ्या आहेत. तेथील भाडे, तेथील देखभाल खर्च, आणि एकदम मोठी जागा घेण्याची तेथील सक्ती, हे सारे चार-पाच माणसांच्या धंद्यास झेपणारे नव्हे. म्हणून मुलांची दृष्टी पेठेकडे वळते, आणि ती योग्यच वळते, असे आमचे मत आहे.

पेठांतील या जागा आल्या कोठून, हेही थोडे पाहिले पाहिजे. पुण्याचे उदाहरण घ्या. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यामागोमाग खडकवासल्याचे फुटले, आणि नदीकाठच्या पेठांतील कितीतरी वाडे त्या लोंढ्याने जमीनदोस्त केले. त्यानंतरच्या दशकांत तेथे सिमेंट-काँक्रीटच्या इमारती उठल्या. त्या इमारतीही आता म्हाताऱ्या झाल्या. ज्या वाचल्या त्या जुन्या वाड्यांचे लाकूड तर त्याहून जुने. मालकांची मुले उपनगरांत वा परदेशी गेली, खाली दुकान राहिले आणि वरचे मजले रिकामे पडले. आता त्या मजल्यांना रंगरंगोटी करून, खोटे छत लावून, काचेची दारे बसवून 'सुसज्ज कार्यालय' म्हणून ते भाड्याने दिले जातात. त्यात २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी मार्ग सुरू झाला आणि कसबा पेठ व मंडई येथे स्थानके झाली. ज्या गल्लीत दुचाकी लावावयास जागा मिळत नव्हती, तेथे माणूस आता जमिनीखालून येऊन वर निघतो.

मुंबईतही हेच झाले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पोर्ट ट्रस्टने वसविलेला बॅलार्ड इस्टेटचा भाग घ्या, फोर्टातील जुन्या कचेऱ्या घ्या, अथवा गिरणगाव घ्या. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा अन्य वापर करण्याची वाट मोकळी केली, आणि जेथे साचे चालत होते तेथे आज कचेऱ्या चालतात. त्या जागेत बसणाऱ्याने, आपल्या आधी येथे कोणाची भाकरी होती, हे विसरू नये. काळबादेवीसारख्या गजबजलेल्या भागातही ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रोचे स्थानक झाले आहे.

मध्यवस्तीचे लाभ उघड आहेत. गिऱ्हाईक चालत येते. न्यायालय, बँका, छापखाने, झेरॉक्सवाले, दुरुस्तीवाले, चहावाला, सारे हाकेच्या अंतरावर असतात. आपल्या लेकींना संध्याकाळी सात-आठ वाजता काम संपवून निघावे लागते; तेव्हा निर्जन रस्त्यापेक्षा दिवे लागलेली, माणसांनी भरलेली पेठ त्यांना केव्हाही बरी. या एका कारणासाठीसुद्धा आम्ही पेठेच्या बाजूने कौल देऊ. उणिवाही आहेत. गाडी लावण्याची सोय नाही, भोंग्यांचा गोंगाट आहे, पाणी ठराविक वेळीच येते. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर कचेरी घ्याल, तर गणेश विसर्जनाची मिरवणूक दिवस उलटून दुसऱ्या दिवसापर्यंत चालते आणि त्या काळात कामकाज बंद ठेवावे लागते, हे गृहीत धरूनच घ्यावी. एवढे सोसले तर पेठ माणसाला जगविते.

आता आमच्या चुकीची हकीकत.

काही वर्षांपूर्वी आपल्याच गावच्या एका तरुणाने पुण्याच्या मध्यवस्तीत कचेरी घ्यावयाचे ठरविले. वडील लहानपणीच वारलेले. आईने बांगड्यांच्या दुकानावर मुलाला शिकविले. जागा दाखविणारे आम्हीच. जागा आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांची होती. त्यांचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. दुसऱ्या मजल्यावरील ती जागा पाहून कोणाचेही मन प्रसन्न व्हावे! पांढरेशुभ्र छत, भिंतीत लपविलेले दिवे, नवी फरशी, काचेची दालने. अनामत रक्कम दोन लाख रुपये ठरली. मुलाच्या आईने घरातली जुनी घंगाळे, हंडे आणि परात मोडीत घातली, थोडे दागिने गहाण ठेवले आणि रक्कम उभी केली. ती माउली आम्हांस म्हणाली, "भाऊ, जागा तुम्ही पाहिली म्हणजे आम्ही पाहिल्यासारखंच आहे." आम्ही मान डोलावली. आम्ही जागा पाहिली होती. पण छताच्या वर काय आहे ते पाहिले नव्हते, आणि करारनामा तर वाचलाच नव्हता.

पहिल्याच पावसाळ्यात छत गळू लागले. ते उघडले तेव्हा वर कुजलेली तुळई दिसली. विजेचा मंजूर भार घरगुती होता इतकाच. वातानुकूलन यंत्र सुरू केले की संगणक बंद पडत. सातव्या महिन्यात मुलाने जागा सोडावयाचे ठरविले. तेव्हा मालकांनी करारातील एक कलम पुढे केले. छत्तीस महिन्यांच्या आत जागा सोडल्यास अनामत जप्त होईल, असे ते कलम होते. करार इंग्रजीत होता, नोंदविलेला नव्हता, आणि त्यात मुलाचा कायमचा पत्ता 'मुक्काम पोस्ट शिरूर' एवढाच लिहिला होता. मालकांच्या वकिलाने नोटीस पाठविली ती पुणे जिल्ह्यातील शिरूरला! ती तेथून फिरून परत गेली. इकडे मुलगा व त्याची आई शिरूर कासारला बसून वाट पाहत होती, आणि तिकडे नोटिशीस उत्तर आले नाही असे म्हणून मालक हात झटकून मोकळे झाले होते.

दोन वर्षे हेलपाटे घातल्यावर तडजोडीत साठ हजार रुपये मिळाले. उरलेले एक लाख चाळीस हजार आम्ही आमच्या पदरचे भरले. हे आम्ही मोठेपणासाठी सांगत नाही. न वाचता मान डोलावल्याचा तो दंड होता. दागिने सुटले. परंतु मोडीत गेलेली घंगाळे परत आली नाहीत. त्यांवर त्या माउलीच्या सासूबाईंचे नाव कोरलेले होते.

बंधुभगिनींनो, आपण कासार आहोत. गिऱ्हाईक भांडे घेताना काय करते, हे आपल्याला कोणी शिकवावयास नको. ते बोटाच्या पेराने भांडे वाजवून पाहते. तडा गेलेले भांडे कितीही घासले, कल्हई कितीही चकचकीत केली, तरी आवाज बद्दच येतो. कल्हई वाईट नव्हे. ती भांड्याचे आयुष्य वाढविते आणि अन्न कळकू देत नाही. पण कल्हईने तडा बुजत नाही. जुन्या इमारतीची डागडुजीही अशीच आहे. पिढ्यान्‌पिढ्या भांडी वाजवून देणारे आम्ही, जागा मात्र न वाजविता घेऊन बसलो. म्हणून जागा कशी वाजवून घ्यावी, ते आता क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट इमारतीचा सांगाडा. खोट्या छताची एखादी फळी उघडून वर पाहू द्या, असे मालकास स्पष्ट सांगावे. जो नाही म्हणेल त्याची जागा घेऊ नये. इमारतीस तीस वर्षे झाली असतील, तर महानगरपालिकांच्या कायद्यांप्रमाणे तिची संरचनात्मक तपासणी झालेली असावयास हवी. तो दाखला मागावा. शक्य असेल तर जागा एकदा भर पावसात पाहावी. आणि पोटमाळा दाखवून भाडे मागत असतील, तर तो पोटमाळा मंजूर नकाशात आहे की नाही, हे विचारावे.

दुसरी गोष्ट क्षेत्रफळ. समजा, पाचशे चौरस फूट जागा ऐंशी रुपये दराने, म्हणजे महिना चाळीस हजार रुपयांस देऊ केली आहे. फीत घेऊन आतून मोजावी. जिना, भिंती, व्हरांडा वजा जाता वापरावयास तीनशे वीस फूटच मिळत असतील, तर आपला खरा दर ऐंशी नसून एकशे पंचवीस रुपये आहे. दोन जागांची तुलना करावयाची ती नेहमी या आतल्या मापावर करावी.

तिसरी गोष्ट मालकी. पेठेतील जुन्या मिळकतीस वारस पुष्कळ असतात. एक भाऊ भाड्याने देतो आणि दुसरा दारास कुलूप लावतो. नगर भूमापन कार्यालयातील मिळकत पत्रिका पाहावी, घरपट्टीची पावती पाहावी, विजेचे देयक कोणाच्या नावे येते व त्यावर मंजूर भार किती लिहिला आहे ते पाहावे. जागा निवासी आहे की व्यापारी, हेही तेथेच कळते. देणारा स्वतः भाडेकरू असून पोटभाड्याने देत असेल, तर मूळ मालकाच्या लेखी संमतीवाचून पाऊल टाकू नये.

चौथी गोष्ट करार. येथे थोडे कायद्याचे बोलणे भाग आहे. आपला मराठवाडा पूर्वी निजामी राज्यात असल्याने येथे भाड्याचा कायदाही वेगळा होता; १९५४ चा हैदराबादचा घरभाडे नियंत्रण कायदा आपल्याकडे चाले. मुंबई-पुण्यास १९४७ चा मुंबईचा कायदा लागू होता आणि विदर्भात तिसराच. या तिन्हींच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ हा एकच कायदा झाला व तो ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. त्याच्या पंचावन्नाव्या कलमाप्रमाणे भाड्याचा वा लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी असला पाहिजे आणि नोंदविलेला असला पाहिजे. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती त्याने टाळली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजार रुपयांपर्यंत दंड वा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. आणि नोंदणी नसेल तेथे, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरावे असे कायदा म्हणतो. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, ही समजूत आपल्याकडे सार्वत्रिक आहे. महाराष्ट्रात ती चुकीची आहे. त्या वेळी हे आम्हांस ठाऊक असते, तर त्या मुलास दोन वर्षे हेलपाटे पडले नसते.

नोंदणीचा खर्च फार येतो, ही दुसरी चुकीची समजूत. साठ महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्स करारास मुद्रांक शुल्क शेकडा पाव रुपया आहे. महिना चाळीस हजारप्रमाणे छत्तीस महिन्यांचे भाडे चौदा लाख चाळीस हजार; दोन लाखांच्या परत मिळणाऱ्या अनामतीवर दर वर्षी दहा टक्के व्याज धरून तीन वर्षांचे साठ हजार; एकूण पंधरा लाख. त्यावर शुल्क झाले तीन हजार सातशे पन्नास रुपये, आणि शहरी भागात नोंदणी फी एक हजार. म्हणजे पावणेपाच हजारांत दोन लाखांचे रक्षण होते. आपण धान्याच्या कोठीला याहून महाग कुलूप लावतो!

करारास नाव कोणते दिले याने सर्व काही ठरत नाही, हेही ध्यानी ठेवावे. दिल्लीच्या एका हॉटेलातील केशकर्तनालयाच्या जागेविषयी १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कागदावर परवाना म्हटले होते, परंतु ताबा स्वतंत्र व हेतू भाडेपट्ट्याचा दिसला, म्हणून न्यायालयाने तो भाडेपट्टाच मानला. तात्पर्य, शब्दापेक्षा व्यवहार पाहिला जातो. तेव्हा मुदत, भाडेवाढ, दुरुस्ती कोणी करावयाची, आणि मुदतीपूर्वी सोडण्याचे कलम, हे सर्व स्पष्ट लिहून घ्यावे. सोडण्याचे बंधन असेल तर ते दोहों बाजूंस सारखे असावे, आणि छत गळणे, वीज न मिळणे या कारणांनी सोडल्यास अनामत जप्त होणार नाही, असे त्यात नमूद असावे. किल्ली आणि अनामत यांची देवघेव एकाच दिवशी, एकाच टेबलावर व्हावी. व्यापारी जागेच्या भाड्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर लागू होऊ शकतो. तो ठरलेल्या भाड्यात धरला आहे की वेगळा, हे आधी विचारावे व आपल्या हिशेबनीसास दाखवावे. आणि पत्ता! गाव, तालुका, जिल्हा, पिन क्रमांक, सर्व लिहावे. शिरूर म्हणून थांबू नये; कासार लिहावे, जिल्हा बीड लिहावे.

पाचवी गोष्ट आग. ही आम्ही शेवटी सांगत आहोत, पण महत्त्वाने पहिली आहे. ९ मे २०१५ रोजी मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीस आग लागली व ती कोसळली. मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी त्यात बळी पडले. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांस आग लागून चौदा जीव गेले. एक जुन्या पेठेतील घर, दुसरे नव्याने सजविलेले गिरणीचे आवार. आगीला दोन्ही सारखीच. जुने लाकूड, त्यावर नवी प्लायवूडची सजावट, लोंबणाऱ्या वायरी आणि एकच अरुंद जिना, हे जेथे एकत्र आले तेथे सावध व्हावे. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे, जेथे अग्निशमन यंत्रणा बसविणे बंधनकारक आहे त्या इमारतीच्या मालकाने वा भोगवटादाराने दर वर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत ती सुस्थितीत असल्याचा परवानाधारकाचा दाखला द्यावयाचा असतो. तो मागावा. दुसरा जिना आहे काय, गच्चीचे दार उघडते काय, जिन्यात दुकानदाराने माल रचला आहे काय, हे स्वतः चढून-उतरून पाहावे. भाड्यात शंभर-पाचशे कमी होतात म्हणून येथे डोळेझाक करू नये. तेथे आपली मुले बसणार आहेत.

आता दोन शब्द जागा देणाऱ्यांसाठी. आपल्या समाजातील कित्येक घरांची जुनी दुकाने व माड्या ठिकठिकाणच्या बाजारपेठांत आहेत. धंदा थांबला, कुलूप लागले. भाड्याने द्यावी तर भाडेकरू कायमचा बसेल, ही भीती. ही भीती निराधार नव्हती. १९४७ च्या कायद्याने मुंबईतील भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली, मालकांस दुरुस्तीचाही खर्च निघेना, इमारती खचत गेल्या, आणि पागडीचा व्यवहार चोरून वाढला. ती पागडी १९९९ च्या कायद्याने मान्य केली. परंतु आज मुदतीचा, नोंदविलेला करार करून जागा देणाऱ्याने धास्ती बाळगण्याचे तितके कारण राहिलेले नाही. कुलूपबंद जागा उंदीर व वाळवी यांच्या मालकीची होते. विकून टाकलेली जागा परत येत नाही. तेव्हा विकण्याआधी भाड्याचा विचार करावा. मात्र आपण आता मालकाच्या जागी आहोत म्हणून छताआड कुजकी तुळई झाकून द्याल, तर ज्या गृहस्थांविषयी आम्ही मघाशी बोललो त्यांच्यात आणि आपल्यात अंतर काय राहिले? आपल्या वाडवडिलांनी तडा गेलेले भांडे कधी चांगले म्हणून विकले नाही. ते ते तोलावर घेत आणि मोडीत टाकीत. आधी तुळई बदलावी, वायरी बदलाव्या, मग रंग द्यावा. हा क्रम उलटा करू नये.

शेवटी समाजापुढे दोन सूचना नम्रपणे मांडतो. पहिली अशी, की समाजातील एक वकील, एक अभियंता व एक हिशेबनीस अशा तिघांनी आलटून पालटून, कोणतेही मूल्य न घेता, आपल्या मुलामुलींचे करारनामे सहीपूर्वी वाचून त्यांचा अर्थ मराठीत समजावून सांगावा. सही करण्यापूर्वीचा एक तास नंतरची दोन वर्षे वाचवितो. या कामी लागेल ते टपाल, लागेल तो प्रवास आम्ही आमच्या खर्चाने करू. दुसरी सूचना अशी, की विवाह-मेळावे व सत्कार यांवरील खर्चातून दर वर्षी थोडी रक्कम बाजूस काढून अनामतीसाठी बिनव्याजी साहाय्य देणारा एक निधी उभारावा. अनामत ही बुडणारी रक्कम नव्हे. करार नीट असेल तर ती फिरून परत येते आणि पुढच्या मुलाच्या उपयोगी पडते. हा निधी असता तर त्या माउलीला आपली घंगाळे मोडीत घालावी लागली नसती.

तो तरुण आज येथे सभेत बसलेला आहे. त्याने आपले नाव न सांगण्याच्या अटीवर ही हकीकत सांगण्यास संमती दिली, हे त्याचे मन मोठे. त्याने पुन्हा कचेरी घेतली आहे, आणि तीही पेठेतच. या वेळी करार त्याने स्वतः तीनदा वाचला, नोंदविला, छत उघडून पाहिले, आणि पत्त्यात 'शिरूर कासार, जिल्हा बीड' असे ठळक लिहिले. आम्हांस मात्र त्याने जागा पाहावयास बोलाविले नाही! तो आमचा अधिकार आम्ही गमावला होता, आणि तो परत मिळविण्यासाठीच आज एवढे बोललो.

वडीलधाऱ्यांनी दिलेली वेळ आम्ही ओलांडली असल्यास क्षमा असावी. आपल्या मुलांच्या हाती ज्या ज्या जागेची किल्ली येईल, ती ती जागा आधी वाजवून घेतलेली असो, आणि तेथे त्यांचे काम भरभराटीस येवो, अशी आई कालिकेच्या चरणी प्रार्थना करून, आम्ही आपली रजा घेतो.